विरोधी मतदार आणि घरी बसणारा मतदार : पक्षाने नेमके काय करायचे?

पारावरचा :
कुठल्याही पक्षाची बैठक बघा, बोलणे आपल्याच मतदारांभोवती फिरते. मेळावा आपल्यांचा, व्हॉट्सॲप गट आपल्यांचा, टाळ्याही आपल्यांच्याच. निकाल मात्र ज्यांच्या हातात असतो ते दोघे त्या मांडवात नसतात. एक, समोरच्याला मत देणारा आणि दुसरा, मतदानालाच न जाणारा.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झाले आणि सहा महिन्यांनी विधानसभेला सुमारे ६६ टक्के. यादी जवळजवळ तीच, पण पारडे पार फिरले. त्याच्या कारणांवर भांडायला दुसरे धागे आहेत, पक्षही कोणता ते इथे नको. मला दोन गोष्टी हव्या आहेत. या दोघांपैकी आधी कोणाकडे जायचे? आणि बूथच्या पातळीवर नेमके काम काय करायचे? भाषणाचे मुद्दे नकोत, काम सांगा.

गणिती :
आधी हिशेब मांडू. समजा एका यादी भागात, म्हणजे एका मतदान केंद्राच्या मतदारयादीत, १,१०० नावे आहेत. मागच्या वेळी मते पडली ६४०. आपल्याला २५०, समोरच्याला ३००, इतर आणि ‘नोटा’ (यांतले कोणी नको) मिळून ९०. म्हणजे आपण ५० ने मागे.

समोरच्याचे एक मत आपल्याकडे आले की फरक दोनाने कमी होतो. २६ जण फिरले की २७६ विरुद्ध २७४, बूथ आपले. घरी बसलेला एक जण आणला तर फरक फक्त एकाने कमी होतो, तोही त्याने आपल्यालाच मत दिले तर. सरसकट सगळ्यांना बाहेर काढले आणि त्यांनी ६०-४० अशी मते दिली, तर १०० माणसांमागे आपला निव्वळ फायदा २० चा. ५० ची पिछाडी भरून एकाने पुढे जायला, म्हणजे ५१ च्या निव्वळ फायद्याला, २५५ माणसे लागतील. आपल्याकडे ओढा असलेलेच शोधून काढले आणि त्यांच्यात ८०-२० पडले, तर ८५ माणसांत काम होते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : कोणाकडे आधी जायचे हे त्या बूथचे आकडे बघून ठरवायचे. बूथनिहाय मते नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, मिळतात. एकच काळजी घ्या. दोन निवडणुकांमध्ये मतदान केंद्रांचे क्रमांक बदलतात, भाग फुटतात किंवा जोडले जातात. नुसता क्रमांक जुळवला तर दुसऱ्याच वस्तीचे आकडे आपले म्हणून वाचाल. यादीतल्या अनुभागाचे नाव, म्हणजे गल्ली किंवा वाडी, जुळवून घ्या आणि मगच बेरीज करा.

यादीवाली :
गणितींनी न पडलेली ४६० मते तशीच सोडून दिली. खरे काम तिथेच आहे.

या ४६० ना आपण सरसकट ‘उदासीन’ म्हणतो. घरोघर जाऊन तपासले की त्यांचे चार ढीग पडतात. त्याच बूथवर समजा ११० नावे मयत, लग्न होऊन गेलेली, घर सोडून गेलेली किंवा दुबार निघाली. १३० जण नोकरी-शिक्षणासाठी बाहेरगावी आहेत, पण नाव इथेच आहे. ४० जण वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग. उरले १८०. उदासीन म्हणायचे ते फक्त यांना. ४६० आणि १८० यांत फरक केला नाही, तर अर्ध्याहून जास्त मेहनत बंद दारांवर जाते.

प्रत्येक ढिगाचे काम वेगळे. मयत आणि दुबार नावे वगळायला नमुना ७ चा अर्ज. पत्ता बदलला किंवा तपशील चुकला असेल तर नमुना ८, हल्ली मतदारसंघ बदलला तरी तोच. नवीन नावासाठी नमुना ६. वयाची १८ वर्षे मोजण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे जानेवारी हुकली म्हणून मुलांना वर्षभर थांबवू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज आत गेलेला हवा. आचारसंहिता लागल्यावर जागे होणारे कार्यकर्ते इथेच मार खातात.

पक्षाचा बूथस्तरीय प्रतिनिधी रीतसर नेमलेला असेल तर तो बीएलओकडे (त्या केंद्राची यादी सांभाळणारा सरकारी कर्मचारी) गठ्ठ्याने अर्ज देऊ शकतो. यादीच्या नेहमीच्या पुनरीक्षणात दिवसाला १० पर्यंत, आणि तपशील स्वतः पडताळला आहे असे लिहून द्यावे लागते. पूर्ण मुदतीत ३० च्या वर अर्ज दिले तर वरचे अधिकारी स्वतः पुन्हा पडताळणी करतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात २०० अर्जांचा गठ्ठा टाकणे व्यर्थ आहे, रोज थोडे थोडे द्या.

कुंपणावरचा :
यादीवाली ताई, दंडवत. ‘उदासीन’ या एका शब्दाखाली किती जणांना कोंबतो आपण!

रोखठोक :
मला हे सगळे मांडवाच्या खांबांबद्दल बोलल्यासारखे वाटते. उमेदवार नकोसा असेल, पक्षाने पाच वर्षांत तीन भूमिका बदलल्या असतील, तर ढीग चार करा नाहीतर चाळीस, माणूस हलत नाही. अमेरिकेत कॅला आणि ब्रुकमन या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत दारावर जाऊन, फोन करून, पत्रके वाटून मत फिरते का, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य. विरोधी मतदाराच्या मागे धावण्यात पक्षाचा वेळ वाया जातो. आपले सांभाळा, उमेदवार नीट द्या.

अभ्यासू :
रोखठोक, अभ्यास बरोबर सांगितलात, पण अर्धाच. तो शून्य परिणाम मतदान जवळ आल्यावरच्या, दोन ठरलेल्या पक्षांमधल्या लढतीतला आहे. प्रचार खूप आधी झाला, किंवा मन वळू शकेल असे मतदार आधी हुडकून काढले, तर थोडा परिणाम दिसतो, असेही त्यांनीच मांडले आहे.

फ्रान्समध्ये २०१२ ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ओलांद यांच्या प्रचारात स्वयंसेवकांनी सुमारे ५० लाख दारे ठोठावली. अभ्यासक विन्सेंट पॉन्स यांनी त्याचा प्रयोग म्हणून अभ्यास केला. मतदानाचा टक्का वाढला नाही, पण ओलांद यांच्या मतांचा वाटा वाढला. म्हणजे तिथे पाच मिनिटांच्या भेटीने घरी बसलेल्याला उठवले नाही, मत मात्र फिरवले. उलट १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन यांनी केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष भेटीने मतदान वाढले, पत्राने किंचित वाढले आणि पैसे देऊन करवलेल्या फोनने काहीच झाले नाही. बोलावणे पक्षाचे नव्हते, नुसते ‘मतदान करा’ एवढेच होते.

या सगळ्यातून हाती लागते ते एवढेच की माणूस समोर उभा राहिला तर काहीतरी घडण्याची शक्यता असते, भाड्याच्या आवाजाने नाही. आपल्याकडे मात्र ध्वनिमुद्रित फोनवरच पैसा ओतला जातो.

रोखठोक :
‘खूप आधी’ हे शब्द मान्य. मग मतदानाच्या पंधरवड्यात विरोधकाच्या दारी जायचे बंद करा, एवढे तरी मान्य करा.

उंबरठा :
पंधरवड्यात जाऊ नये, सहमत. पण वर्षभर आधी गेलात तरी बहुतेकांना तिथे बोलायचे कसे तेच जमत नाही. जातात आणि आपल्या कामांची यादी वाचतात. समोरचा मनात उत्तरे जुळवत बसतो आणि दार लावताना आधीपेक्षा पक्का विरोधक झालेला असतो.

असे बोलून बघा.

‘आमचे मत ठरलेले आहे. तुम्ही उगाच आलात.’
‘ठरलेले असू द्या, काका. मत मागायला नाही आलो. आमचे काय चुकले ते विचारायला आलो.’
इथे गप्प बसायचे. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण बसायचे. बहुतेक वेळा पलीकडून वाक्य येते.
‘चुकले काय? दोन वर्षे झाली, नळाची लाईन अर्धी खणून ठेवलीय. तुमचा एक माणूस फिरकला नाही.’
‘लाईन कुठपर्यंत आलीय? खांबापर्यंत की अलीकडेच?’

यानंतर वही काढायची, त्यांच्यासमोर लिहायचे आणि लिहिलेले वाचून दाखवायचे. ‘खांबाच्या अलीकडे १५ मीटर, दोन वर्षे, बरोबर?’ आपल्या पक्षाचे समर्थन एका अक्षराने करायचे नाही. ‘त्यांच्या काळात तरी काय झाले होते’ हे वाक्य तोंडातून निघाले की भेट संपली असे समजा.

पंधरा दिवसांनी परत जायचे, काम झाले नसले तरी जायचे. ‘अर्ज दिलाय, ही पोच, अजून उत्तर नाही’ एवढे सांगायला. पहिल्या भेटीला सगळेच पक्ष येतात, दुसऱ्या भेटीला फार थोडे. वजन त्या दुसऱ्या भेटीला आहे.

यामागे अभ्यासही आहे. ब्रुकमन आणि कॅला यांनीच २०१६ मध्ये मायामीतला प्रयोग मांडला. तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह सुमारे दहा मिनिटांच्या, वाद न घालता ऐकून घेणाऱ्या संभाषणाने कमी झाला आणि तो बदल किमान तीन महिने टिकला. तो पक्ष बदलण्याबद्दल नव्हता, हे लक्षात ठेवूनच वाचा. पण ऐकण्याची रीत तिथून उचलता येते.

पारावरचा :
उंबरठा, हे छापून प्रत्येक कार्यकर्त्याच्या हातात द्यायला हवे. पण एका बूथला असे फिरायला माणसे आणि दिवस किती लागतील?

उंबरठा :
१,१०० नावे म्हणजे साधारण ३०० घरे धरा. दोघांची जोडी, त्यात शक्यतो एक बाई हवीच, नाहीतर निम्म्या घरांत फक्त पुरुषांशी बोलणे होते. संध्याकाळच्या अडीच तासांत नीट बोलून १२ घरे होतात. २५ संध्याकाळी. बरीच घरे बंद सापडतात, त्यांच्यासाठी रविवारी सकाळची दुसरी फेरी. एकूण दीड-दोन महिने. कोणी ‘तीन दिवसांत बूथ पूर्ण केले’ म्हणाला तर त्याने पत्रके टाकली आहेत.

प्रत्येक नावापुढे खूण करा : आपला, त्यांचा पक्का, त्यांचा पण नाराज, ठरले नाही, इथे राहत नाही. ‘त्यांचा पक्का’ दिसला की नमस्कार करून पुढे. त्याच्याशी वाद घालण्यात गेलेली वीस मिनिटे दोन नाराज घरांची असतात. आणि खूण घराला करू नका, माणसाला करा. एका घरात बाप त्यांचा, सून ठरवायची आहे आणि मुलगा मतदानालाच जात नाही, हे सर्रास असते.

बोरूबहाद्दर :
अवांतर, पण विचारतो. जो मुद्दाम नोटा दाबतो तो उदासीन की विरोधी? २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मते. २०२४ च्या लोकसभेत इंदूरला नोटाला दोन लाखांच्या वर मते पडली.

गणिती :
नोटावाला उदासीन मुळीच नाही. तो रांगेत उभा राहिला, शाई लावून घेतली आणि ‘यांतले कोणी नको’ हे सांगून गेला. २०१३ पासून ही सोय आहे, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतोच. पक्षाने नोटाच्या आकड्याकडे बूथनिहाय बघावे. एखाद्याच वस्तीत तो उसळला असेल तर तिथे एक ठोस तक्रार आहे, आणि ती विचारली तर लोक सांगतात. अशा माणसाला केंद्रापर्यंत आणायचा प्रश्नच नसतो, फक्त कारण द्यायचे असते. माझ्या मते मिळवायला सर्वांत सोपा मतदार हाच.

भिंगरी :
मतदान सक्तीचेच करा ना! ऑस्ट्रेलियात १९२४ ला कायदा झाला, त्याआधी १९२२ ला साठ टक्क्यांच्या आत असलेले मतदान १९२५ ला नव्वदच्या वर गेले. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी असा कायदा केला होता.

वकिली बाणा :
भिंगरी, त्या कायद्याच्या अंमलबजावणीला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शिवाय सक्ती हे सरकारचे काम, पक्षाचे नाही. धागा पक्षाने काय करावे याचा आहे, म्हणून काय करू नये तेही लिहितो, कारण उत्साहात लोक गोत्यात येतात.

मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने गाड्या लावणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचार आहे. कलम १३३ मध्ये त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. मतदाराने स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी केलेली गाडी चालते. ‘म्हाताऱ्यांना आणायला रिक्षा लावू’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा.

धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे कलम १२३(३) खाली येते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याचा अर्थ रुंद केला. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म किंवा जात पुढे करून केलेले आवाहनही त्यात बसते. विरोधी मतदार फोडायला अनेक जण नेमके हेच करायला जातात. निवडणूक रद्द होऊ शकते.

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास सभा, मिरवणूक बंद. भोंग्याशिवाय घरोघर जाता येते.

यादीवाली :
वृद्धांसाठी रिक्षा नको, नमुना १२ड हवा. ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यावा लागतो. पाचच दिवस! म्हणून अशा मतदारांची यादी महिनाभर आधी तयार हवी आणि बीएलओ अर्ज घेऊन आला का, हे घरी जाऊन विचारायला हवे. माझ्या उदाहरणातल्या ४० पैकी वयात न बसणारे बरेच असतात, त्यांना केंद्रावरची चाकाची खुर्ची आणि रांगेतले प्राधान्य माहीत नसते. तेवढे सांगितले तरी काही जण उठतात.

बाहेरगावच्या १३० जणांना देशात कुठूनही मत द्यायची सोय आजतरी नाही. जे कायमचे गेलेत त्यांना नमुना ८ भरून तिकडेच नाव लावायला सांगा. आपले मत गेले असे वाटते, पण बूथचा हिशेब स्वच्छ होतो. जे येऊ शकतात त्यांना तारीख जाहीर झाली त्याच आठवड्यात फोन करा, आदल्या दिवशी करून काय उपयोग? तोवर गाड्यांची तिकिटे संपलेली असतात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी कलम १३५ब खाली हक्काची आहे, हे खासगी नोकरीतल्या कित्येकांना ठाऊक नसते.

कुंपणावरचा :
आणि ते १८०? घरात असतात, धडधाकट असतात, तरी जात नाहीत.

अभ्यासू :
त्यांना ‘लोकशाहीचा उत्सव’ सांगू नका, वेळ विचारा. २००८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पक्षांतर्गत निवडणुकीआधी निकरसन आणि रॉजर्स यांनी फोनवर लोकांना तीन साधे प्रश्न विचारले : मतदानाला किती वाजता जाणार, कुठून जाणार, त्याआधी काय करत असाल? ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्यात मतदान सुमारे चार टक्क्यांच्या अंकांनी वाढले. जिथे घरात एकच मतदार होता तिथे जवळपास नऊ. एकट्या माणसाला बरोबर न्यायला कोणी नसते, म्हणून त्याने मनात वेळ ठरवणे जास्त उपयोगी पडले असावे.

मिशिगनमध्ये २००६ ला याहून मोठा परिणाम मिळाला होता. ‘तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मतदान केले का’ हे पत्रात छापून पाठवले आणि मतदान आठ अंकांनी वाढले. पण ते आपल्याकडे पक्षाने करू नये. शेजाऱ्यापुढे उघडे पाडलेला माणूस केंद्रावर जाईल आणि आपल्याविरुद्ध मत देऊन येईल.

उंबरठा :
पूर्ण सहमत. आपल्याकडे हे ‘तुमचे मत पडले नाही हे आम्हाला कळते’ अशा धमकीसारखे ऐकू येते. तशी पाळत ठेवल्याची शंका जरी आली तरी तो माणूस कायमचा तुटला.

त्या १८० मध्ये बऱ्याच जणांना अडचण फार क्षुल्लक असते. केंद्र बदललेले असते आणि जुन्या शाळेत जाऊन ते परत आलेले असतात. यादीत नाव सापडत नाही, कारण आडनाव चुकीचे छापलेय. मतदार चिठ्ठी घेऊन गेले, पण ती ओळखपत्र म्हणून चालत नाही, मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना यांपैकी काहीतरी लागते. मोबाईल आत नेता येत नाही म्हणून एकटी आलेली बाई रांग सोडून जायची; २०२५ पासून आयोगाने केंद्राबाहेर फोन ठेवायची सोय सुरू केली आहे. चिठ्ठी देताना केंद्राचे नाव, खोली क्रमांक, यादीतला अनुक्रमांक आणि ‘मूळ ओळखपत्र घ्या, फोन घरी ठेवा’ एवढे तोंडाने सांगा. चिठ्ठी फटीतून आत सरकवून जाऊ नका.

वकिली बाणा :
मतदानाच्या दिवशी ती चिठ्ठी साधी पांढरी हवी, पक्षाचे नाव किंवा चिन्ह नको. टेबल केंद्रापासून १०० मीटरच्या बाहेर (२०२५ पूर्वी ही मर्यादा २०० मीटर होती), आणि त्या १०० मीटरच्या आत प्रचाराचा शब्दही नको. मतदान प्रतिनिधीने आतली खुणा केलेली यादी बाहेर आणायची नसते. कोण आले, कोण नाही याचा अंदाज बाहेरच्या टेबलावर चिठ्ठी न्यायला आलेल्यांवरून आणि दर दोन तासांच्या आकड्यावरून घ्या. दुपारी एकला आकडा मागच्या वेळेपेक्षा मागे दिसला तर ‘आपला’ खुणेच्या घरांत तेव्हाच माणूस पाठवा. पाचला पाठवून काही होत नाही.

रोखठोक :
चला, बरेच पटले. तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही. उंबरठा यांच्या वहीतली ती नळाची लाईन कोण सोडवणार? कार्यकर्त्याने लिहून नेले आणि वर कोणी हात लावला नाही, तर दुसऱ्या भेटीत तो काय तोंड दाखवेल? वहीतल्या तक्रारी महिन्याला एकदा नगरसेवक, आमदार किंवा पराभूत उमेदवार यांच्यापुढे वाचल्या जाव्यात आणि प्रत्येकीपुढे झाले, अडले की नाकारले हे लिहिले जावे. विरोधी पक्षात असलात तरी अर्ज, माहिती अधिकार आणि पाठपुरावा करता येतो. पक्ष हे करणार नसेल तर दार ठोठावू नये. ऐकून घेऊन विसरणे हे न ऐकण्यापेक्षा वाईट.

उंबरठा :
रोखठोक, यावर वाद नाहीच.

पारावरचा :
सगळे वाचून पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. निवडणुकीला १८ महिने आहेत असे धरले तर क्रम असा लागतो का बघा. पहिले तीन महिने नमुना २० आणि यादी जुळवून बूथ निवडणे. पुढचे सहा महिने नाराज घरांच्या दोन-दोन भेटी आणि वही. मग यादीची कामे. शेवटचे दोन महिने फक्त आपल्याकडे ओढा असलेल्या आणि घरी बसणाऱ्यांकडे. विरोधकाचे दार तेव्हा बंद.

यादीवाली :
यादी मध्ये ठेवू नका, ती पहिल्या दिवसापासून रोज चालते. बाकी क्रम पटला.

गणिती :
आणि सगळे बूथ घेऊ नका. ३०० बूथच्या मतदारसंघात अशा ६० जोड्या मिळाल्या तरी भाग्य समजा. थोडक्याने हरलेले किंवा जिंकलेले ६० बूथ निवडा. मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल २०२४ ला ४८ मतांनी लागला. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले. इतक्या कमी फरकात एका जोडीच्या २५ संध्याकाळींना किती किंमत येते ते मोजून बघा.

भिंगरी :
एक शंका. बूथस्तरीय प्रतिनिधी नेमायला काय लागते? आमच्याकडे नाव वरून कळवतात आणि काम कोणीच करत नाही.

यादीवाली :
पक्षाने अधिकृत केलेला माणूस बीएलए-२ या नमुन्यात नेमणूक देतो. नेमलेला माणूस शक्यतो त्याच यादी भागाचा मतदार हवा. तेवढे तपासा, वरून आलेली अर्धी नावे तिथेच गळतात. मग त्या गल्लीत राहणारे कोणीतरी शोधा, ज्यांना शेजारी नावाने ओळखतात.